आजीव सभासद : एका शपथेचा इतिहास आणि तिच्याभोवतीचे वाद

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कऱ्हाड तालुक्यात कृष्णाकाठी टेंभू नावाचे गाव आहे. उपसा सिंचन योजनेमुळे आज ते नाव दुष्काळी पट्ट्यात घरोघरी पोहोचले आहे. १४ जुलै १८५६ रोजी या गावी एका निर्धन घरात गोपाळ गणेश आगरकर जन्मले. त्याच तालुक्यात काले हे गाव. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तिथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आणि त्याच्या काही महिने आधी, जून १९१९ मध्ये, आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या सोसायटीने पुण्याबाहेर पाऊल टाकून इथे सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. एकच कृष्णाखोरे, एकच साल आणि दोन संस्था. एकीच्या मुळाशी पुण्याच्या बुधवार-शनवारातील पदवीधर, तर दुसरीच्या मुळाशी सत्यशोधक चळवळीच्या सभेला जमलेला शेतकरी. दोघींचे गोत्र वेगळे, भाषा वेगळी, पुष्कळदा एकमेकींविषयीचे मतही फारसे बरे नव्हे. तरीही दोन्ही संस्थांचा कणा एकाच कल्पनेचा होता. ती कल्पना म्हणजे आजीव सभासद. सातारकडे त्याला आजीव सेवक म्हटले गेले, बोलीत सर्रास ‘लाइफ मेंबर’. आजचा विषय हा शब्द आणि त्यावरून झालेली भांडणे हा आहे.

पाश्चात्त्य विद्यापीठांत ‘फ्रॅटर्निटी’ म्हणून एक प्रकार असतो. अमेरिकेत १७७६ साली विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅप्पा’ या नावाचे पहिले ग्रीक अक्षरांचे मंडळ निघाले, आणि पुढे अशा मंडळांचे पीकच आले. प्रवेशाची शपथ, गुप्त खुणा, स्वतंत्र निवास, आणि एकदा आत आला की जन्मभराचा भाऊ. या मंडळांनी पुढारी दिले, तसेच नवागतांच्या छळाचे कलंकही स्वतःला लावून घेतले. आपल्याकडे विद्यार्थ्यांची अशी बंधुमंडळे रुजली नाहीत. आपल्याकडे शपथ घेतली ती शिकविणाऱ्यांनी. त्यात गुप्तता नव्हती, खुणा नव्हत्या, आणि प्रवेशाची फी म्हणून द्यायचे होते ते आयुष्याचे उमेदीचे दिवस.

ही कल्पना उगवली कशी, हे थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्या जन्मतारखांत अवघे नऊ दिवसांचे अंतर. दोघांची गाठ डेक्कन कॉलेजात पडली. १८७९च्या आसपास कॉलेजच्या खोलीत आणि परिसरात या दोघांच्या ज्या रात्री-रात्री चर्चा झाल्या, त्यांतून सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचे, हे ठरले. आगरकर कऱ्हाडात मिळेल ते काम करून, शिक्षणाच्या शोधात रत्नागिरीपर्यंत पायी जाऊन आलेले. एम.ए. झालेला मुलगा आता मोठ्या पगारावर बसेल, अशी आशा करणाऱ्या आईला त्यांनी पत्र लिहून कळविले की, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकी वेळ परहितासाठी खर्च करायचे आपण ठरविले आहे. हे पत्र महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. ज्या माउलीने ते ऐकले तिला त्या दिवशी काय वाटले असेल, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. १८८२ साली चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तुरुंगात एकत्र काढलेल्या दिवसांनी मैत्री पक्की होते, असा समज आहे. या दोघांच्या बाबतीत मतभेदांची पहिली धारही तिथेच लागली, कारण वाद घालायला दुसरे कुणी नव्हते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. वामन शिवराम आपटे, टिळक, आगरकर, माधवराव नामजोशी, वासुदेवराव केळकर, महादेव शिवराम गोळे, धारप ही त्या पहिल्या मंडळातील नावे. नियम साधा होता. सभासदाने वीस वर्षे सेवा देण्याचे वचन द्यायचे. वेतन सुरुवातीला चाळीस रुपयांच्या आसपास, पुढे पंचाहत्तर रुपये. सोबत तीन हजार रुपयांची विम्याची पॉलिसी, म्हणजे मध्येच डोळे मिटले तर घरच्यांचे हाल होऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संस्थेचा कारभार याच सभासदांनी बहुमताने चालवायचा. वरून कुणी मालक नाही. या मंडळींनी डोळ्यांपुढे ठेवलेला नमुना होता युरोपातील जेझुइट पाद्र्यांच्या संघाचा. मिशनऱ्यांशी झुंजणाऱ्या माणसांनी मिशनऱ्यांच्याच शिस्तीचा आदर्श घ्यावा, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शस्त्र पाहायचे ते शत्रूच्या हाती असले तरी धारदार आहे का, एवढेच.

आता वादांकडे वळू. कारण या मंडळाचा खरा इतिहास उद्घाटनांच्या भाषणांत सापडत नाही, तो सभांच्या इतिवृत्तांत सापडतो.

पहिला वाद वेतनाचा. १८८७च्या सुमारास वेतनात पाच रुपये वाढ करावी, असा विषय निघाला. आगरकर वाढीच्या बाजूचे होते. दम्याने जर्जर शरीर, घरी संसार, आणि पंचाहत्तर रुपयांचेही स्वप्नच. टिळक विरोधात होते. त्यांचे म्हणणे असे की, पाच रुपये हा प्रश्नच नाही. एकदा गरजेप्रमाणे वेतन ठरू लागले की आपण नोकर झालो. अडचणीतल्या सभासदाला साहाय्य द्यावे, पण वेतनाची रेघ हलवू नये. आज सातव्या आयोगाच्या काळात हा पाच रुपयांचा तंटा पोरकट वाटेल. त्या काळी त्या दोघांनाही तो तसा वाटला नव्हता, आणि दोघांचीही बाजू खरी होती. भुकेला तत्त्व सांगणे निष्ठुर आहे, आणि तत्त्वाला भुकेची सवलत दिली तर ते टिकत नाही, हेही अनुभवाचे आहे.

दुसरा वाद बाहेरच्या कामाचा, आणि मंडळ फुटले ते यावर. सभासद शाळा-कॉलेजात शिकवितो चार तास. उरलेला वेळ कुणाचा? त्या वेळात त्याने लिहिलेल्या पुस्तकाचे पैसे कुणाचे? त्याला मिळालेले नाव कुणाचे? आपट्यांचे संस्कृत कोश व पाठ्यपुस्तके, १८८६ साली आजीव सभासद झालेल्या तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक, १८८८ पासून आगरकरांचे ‘सुधारक’, आणि खुद्द टिळकांचे ‘केसरी’. प्रत्येकाचा एक पाय बाहेर होता. होळकर महाराजांकडून आलेल्या देणगीवर अधिकार संस्थेचा की व्यक्तींचा, यावरूनही कटुता झाली. टिळकांची भूमिका टोकाची व सुसंगत होती : सभासदाची सारी शक्ती संस्थेची, आणि म्हणून बाहेरची कमाई करण्याची मुभा नको. सहकारी विचारीत, मग ‘केसरी’ कुठे बसतो? सामाजिक सुधारणांवरून उठलेले वादळ या साऱ्यात तेल ओतीत होतेच. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुण्यातील काही मंडळींची मजल गेली होती. परंतु फूट पडली ती सुधारणांमुळे, असे जे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. संमतिवयाच्या कायद्याचे रण माजण्याआधी हे मंडळ हिशेबाच्या आणि वेळेच्या प्रश्नावर दुभंगले होते.

१८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. टिळकांनी हरकत घेतली. बहुमत त्यांच्या बाजूने झाले नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनाम्याची भाषा केली आणि डिसेंबर १८९० मध्ये एक प्रदीर्घ पत्र लिहून ते मंडळातून बाहेर पडले. त्या पत्रात जेझुइट तत्त्वाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. ज्या माणसाला पुढे सारा देश लोकमान्य म्हणून ओळखणार होता, त्याने आपल्या आयुष्याचे पहिले स्वप्न चौतीसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने मोडून टाकले. घरचा माणूस घर सोडतो तेव्हा जसे लिहितो, तसे ते पत्र आहे. काटेकोर, संतप्त आणि आतून हळवे.

या भांडणाचा निवाडा कुणाच्या बाजूने द्यायचा? घाईने देऊ नये, कारण पुढच्या पंधरा वर्षांत जे घडले त्याने दोन्ही पारडी हलली.

टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या विषयासाठी १८९१ साली गोखल्यांनी मुंबईहून एका शिक्षकाला बोलावून घेतले. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. ते पुढे आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये राहिले. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचे काम हाती घेतले, आणि पुढे कित्येक वर्षे हिंगण्याची वाट पायी तुडवीत कॉलेजची नोकरी व आश्रम दोन्ही सांभाळले. टिळकांना हवा होता तसा कडक नियम मंडळाने स्वीकारला असता, तर कर्व्यांना हिंगणे सोडावे लागले असते किंवा फर्ग्युसन. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा एक मोठा प्रवाह आजीव सभासदाच्या या उरलेल्या वेळातून निघाला आहे. हे टिळकांच्या विरुद्ध बाजूचे वजन.

आणि आता दुसऱ्या पारड्यात पाहा. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. द्रविड, देवधर आणि पटवर्धन या तिघांना त्यांनी त्याच दिवशी शपथ दिली. सात शपथा. त्यांतील एक अशी की, समाज आपल्या व कुटुंबाच्या निर्वाहाची जी सोय करील तीत सभासद समाधान मानील आणि स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात आपली शक्ती खर्च करणार नाही. १८९० साली ज्यांच्या बाहेरच्या कामावर हरकत घेतली गेली होती, त्याच गोखल्यांनी पंधरा वर्षांनंतर स्वतःचे मंडळ उभारताना टिळकांचाच नियम लिहून ठेवला. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही, पण शपथेचा मजकूर बोलका आहे. आणखी एक शपथ होती : कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. ही शपथ लिहिणाऱ्याच्या मनात फर्ग्युसनच्या सभागृहातील जुने दिवस नसतील, असे मानणे कठीण आहे.

आगरकर तेव्हा हयात नव्हते. आपट्यांच्या मागून १८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधी वारले. त्यांच्या पश्चात उशापाशी एका पुडीत थोडे पैसे बांधलेले सापडले, अंत्यविधीसाठी बाजूला काढलेले, असे सांगतात. बातमी कळल्यावर मृत्युलेख सांगता सांगता टिळकांना वारंवार रडू कोसळत होते, असेही सांगतात. पाच रुपयांच्या वाढीच्या बाजूने बोलणारा माणूस होता तो.

मंडळ पुढे चालले. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आले आणि पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांना कुठेही, कितीही मिळाले असते. शपथेचे हे वैभव होते. आणि याच प्राचार्यांच्या काळात शपथेची दुसरी मर्यादाही उघडी पडली. ऑक्टोबर १९०५ मध्ये दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिचा पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला कॉलेजने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. ‘केसरी’तून टिळकांनी कडक शब्दांत समाचार घेतला, असले गुरू ते आमचे गुरूच नव्हेत, अशा आशयाचा. ज्याने एके काळी ते मंडळ बांधले, त्यानेच ते आता नाकारले. परांजपे व्यक्तिशः त्यागी होते, त्यात शंका नाही. पण ज्या संस्थेला सरकारी अनुदान लागते, तिच्या सभासदाने स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला म्हणून संस्थेची मान मोकळी होत नाही.

वसतिगृहातून काढले जाण्याची आणखी एक हकिगत याच सुमाराची आहे आणि तिचे धागे आपल्या भागाशी जुळतात. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. अण्णासाहेब लठ्ठे तेव्हा बोर्डिंगाचे अधीक्षक होते. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंग सोडायला लावले. सावरकरांना देशाच्या अभिमानासाठी काढले गेले, भाऊरावांना माणसाच्या शिवण्यासाठी. दोघांनीही पुढे अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्यातला मोठा वाटा खर्च केला, एकाने रत्नागिरीत आणि दुसऱ्याने साताऱ्यात. काढून टाकणाऱ्या दोन्ही संस्थांतील अधिकारी शिकलेसवरलेले, सुधारक म्हणविणारे होते, ही गोष्टही विसरू नये.

पुढे भाऊरावांनी दूधगावला काही मित्रांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढून पाहिला, किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडले, आणि मग काल्यात संस्थेचे नाव उच्चारले. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली आणि बोर्डिंग उभे राहिले. त्याच्या स्वयंपाकघरात कुणाची पंगत वेगळी नव्हती. मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग पोरे एकाच चुलीचे अन्न खात, आणि ते अन्न शिजवण्यात, पाणी आणण्यात, शेतात कसण्यात आळीपाळीने राबत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले. बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव त्यांच्याच हस्ते मिळाले. परंतु ज्या घटनेने हे बोर्डिंग सातारकरांच्या मनात बसले ती वेगळी. एके दिवशी पोरांच्या जेवणाला घरात काही उरले नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातून आलेल्या. त्यांनी आधीच अंगावरचे दागिने एकेक करून मोडले होते. त्या दिवशी मंगळसूत्र काढून दिले. १९३० साली त्या वारल्या. पंचाहत्तर रुपयांच्या शपथेचा इतिहास लिहिणारे आपण, या बाईच्या नावाची शपथ कुठे नोंदलेली नाही, म्हणून तिला आजीव सभासदांत मोजीत नाही.

इथे दोन परंपरांतील फरक स्पष्ट दिसतो. पुण्याच्या मंडळात त्याग होता, पण तो पदवीधराने करायचा. विद्यार्थी फी भरून बाजूला राही. साताऱ्यात विद्यार्थ्यालाच मंडळात घेतले गेले. कमवा आणि शिका, या दोन शब्दांत त्याच्याकडून शपथ घेतली गेली, आणि त्याच पोरांतून पुढचे शिक्षक निघाले. पी. जी. पाटील हे त्यांतलेच. बोर्डिंगात वाढलेला हा विद्यार्थी विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, आणि वकिलीच्या पैशाकडे पाठ फिरवून संस्थेच्या कामात परतला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परांजप्यांच्या परत येण्याचे कौतुक महाराष्ट्राने जेवढे केले, तेवढे या परतण्याचे केले नाही. ते व्हायला हवे होते.

आता सांगलीकडे येऊ, आणि इथे इतिहासाने एक थट्टा केली आहे, तिची नोंद घ्यायलाच हवी. जून १९१८ मध्ये मुंबईत युद्धपरिषद भरली होती. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन अध्यक्षस्थानी. टिळक बोलायला उभे राहिले, स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरने त्यांना अडविले, आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात विलिंग्डनचे स्मारक करण्याच्या बेताला मुंबईकरांनी टाउन हॉलमध्ये एवढा विरोध केला की, सभा उधळली. आणि पुढच्याच वर्षी, टिळकांनी स्थापन केलेल्या सोसायटीने सांगलीतल्या नव्या कॉलेजला नाव दिले ते विलिंग्डनचे! टिळक तेव्हा हयात होते. सोसायटीवर टीका करणाऱ्यांनी या नावाकडे नेहमी बोट दाखविले आहे. सोसायटीची बाजूही ऐकली पाहिजे. संस्थानिकांचा मुलूख, मुंबई विद्यापीठाची संलग्नता, सरकारी अनुदान, यांशिवाय दक्षिण महाराष्ट्रात कॉलेज निघणे नव्हते. आणि खुद्द फर्ग्युसन हे नावही एका गव्हर्नराचेच, तेव्हा टिळक मंडळातच होते. नावे सरकारची आणि माणसे आपली, हा सौदा १८८५ सालीच झाला होता.

सांगलीच्या राजेसाहेबांनी, चिंतामणराव पटवर्धनांनी साह्य केले. गोविंद चिमणाजी भाटे पहिले प्राचार्य झाले. पुढे कॉलेज सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबागच्या मोकळ्या माळावर गेले. त्या काळी तिथे दिवेलागणीनंतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकू येत असणार. पुण्यात ज्यांचे नाव झाले असते, अशी माणसे शब्द दिला म्हणून या माळावर येऊन राहिली. हे कॉलेज मराठी-कानडीच्या शिवेवरचे. रं. श्री. मुगळी इथे कानडी शिकवीत, वि. कृ. गोकाक यांनीही इथे अध्यापन केले, पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळाले. बेळगाव-विजापूरकडची पोरे इथे मराठी पोरांच्या शेजारी राहिली. पुण्याच्या मंडळाला जे पुण्यात साधले नाही, ते काही प्रमाणात या माळावर साधले, कारण इथे एकमेकांशिवाय सोबत नव्हती. तरीही एक बाब प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. आजीव सभासदांचे मंडळ दीर्घकाळ बहुतांशी एकाच जातीचे राहिले. नियमात तसे कुठे लिहिलेले नव्हते. पण ज्या मंडळात प्रवेश आतल्यांच्या संमतीने मिळतो, त्यात आतल्यांसारखेच लोक येतात. गोळ्यांनी १८९५ सालीच ‘ब्राह्मण आणि त्यांची विद्या’ लिहून स्वजातीला आरसा दाखविला होता; मंडळाने त्या आरशात पुरेसे पाहिले नाही. सातारच्या बोर्डिंगाची गरज ज्यांना भासली, त्यांच्या मनात हेच होते.

रयतच्या वाट्यालाही वाद आले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाशी भाऊरावांचे बिनसले. संस्थेचे अनुदान थांबले. शिक्षकांनी तुटपुंज्या पैशांवर दिवस काढले, गावोगावची माणसे धान्य-पैसा घेऊन आली, गाडगे महाराजांनी शब्द टाकला असे सांगतात, आणि काही काळाने अनुदान सुरू झाले. परकीय सरकारापुढे न वाकलेली संस्था स्वकीय सरकारच्या अनुदानाने कोंडीत सापडू शकते, हे त्या वर्षी कळले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्यांच्या पश्चात संस्था वाढत गेली, आज ती आशियातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांत गणली जाते. आणि जसजशी वाढली तसतसे तिच्या कार्यकारिणीत कोण, हा प्रश्न शिक्षणाइतकाच राजकारणाचा झाला.

शपथ मात्र कुणी मोडली नाही. ती आतून पोकळ झाली. १९७०च्या दशकात अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांचे वेतन शासन थेट भरू लागले, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणी लागू झाल्या. शिक्षकाला पोटभर मिळू लागले, हे उत्तमच झाले. त्यासाठी कुणी हळहळू नये. पण आजीव सभासदाचे वेतन आणि साध्या प्राध्यापकाचे वेतन एकच झाल्यावर सभासदत्वात उरले काय? उरला तो मताचा अधिकार. पंचाहत्तर रुपयांच्या काळात मताचा अधिकार हा त्यागाचा मोबदला होता. आता त्याग गेला आणि मोबदला राहिला. पुढचे बहुतेक तंटे, निवडणुका, धर्मादाय आयुक्तांकडील अर्ज, न्यायालयाच्या फेऱ्या, यांचा उगम इथे शोधावा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील निधीचा वाद २०२५ साली पोलिसांत गुन्हा नोंदविण्यापर्यंत गेला. स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची शपथ जिथे लिहिली गेली, त्या घरी.

तेव्हा टिळकांनी १८९० साली विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या कुठल्याही मंडळाला तो विचारता येईल, आणि या सभागृहात पूर्णवेळ कार्यकर्त्याचे आयुष्य जवळून पाहिलेली पुष्कळ घरे आहेत. उरलेला वेळ कुणाचा, मिळालेले नाव कुणाचे आणि घरच्यांच्या हालअपेष्टांचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा? आगरकर-टिळकांनी निदान तो सभेत मांडला, मते घेतली, इतिवृत्तात उतरविला. भाऊरावांच्या घरी तो बोललाच गेला नाही; लक्ष्मीबाईंनी सोन्याच्या वजनात परस्पर चुकता केला.

२०२१ साली साताऱ्यातील रयतची तीन महाविद्यालये मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाला शासनाने मान्यता दिली. विलिंग्डननेही शंभरी ओलांडली. शताब्दीचे ग्रंथ निघतात, त्यांत इमारतींची छायाचित्रे भरपूर असतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशी शेकडो कुटुंबे आहेत, ज्यांचे आजोबा-पणजोबा कुठल्या ना कुठल्या संस्थेचे आजीव सभासद होते. त्यांच्या माळ्यांवर ट्रंकांमध्ये तीन हजारांच्या विम्याच्या पावत्या, महिन्याच्या खर्चाच्या वह्या, आजीने सोनाराकडे गहाण ठेवलेल्या पाटल्यांच्या चिठ्ठ्या अजून पडून असतील. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही रद्दीत जातात. या दिवाळीआधी त्या एकदा उघडून पाहाव्यात, वाचता येतील तेवढ्या वाचाव्यात, आणि त्या त्या संस्थेच्या ग्रंथालयात नेऊन द्याव्यात.